गुडघे टेकायला शिकले ते वर्ष

आमच्या घरात शुक्रवार म्हणजे मटण. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, टेलिफोन खात्यात आठवड्याची सुट्टी शुक्रवारी मिळे. रविवारची सकाळ विहारातल्या वंदनेत जायची आणि दुपारपासून त्यांची पाळी असे, त्यामुळे लोकांचा रविवार आमच्याकडे शुक्रवारी यायचा. हडपसरला गाडीतळाच्या मागे आमचं दोन खोल्यांचं, पत्र्याचं घर होतं. शुक्रवारी संध्याकाळी मी ऑफिसातून गाडीवर परत आले की गल्लीच्या तोंडाशीच भाजलेल्या खोबऱ्याचा वास यायचा. आई वाटण पाट्यावरच वाटायची. घरात मिक्सर आला होता, पण शेंगदाण्याच्या कुटापलीकडे तिनं त्याला बढती दिली नव्हती. वरवंट्याची घरघर, पत्र्यावर धावणारी मांजरं, आणि बाहेरच्या खोलीत रेडिओ दुरुस्त करण्याच्या निमित्तानं आतल्या पातेल्यावर लक्ष ठेवून बसलेले अण्णा. हाडाची नळी कुणाला, हा त्यांचा आणि माझा वाद मी पाच-सहा वर्षांची असल्यापासूनचा. तो ते दर वेळी मुद्दाम हरायचे.

एका शुक्रवारी त्यांनी नेहमीसारखी नळी माझ्या ताटात टाकली आणि मी ती उचलून त्यांच्या ताटात परत ठेवली. "आज नको," मी म्हणाले. "मला नुसता वरण-भात दे, आई." आईनं वरण वाढलं. पण वाढताना तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं ताप आलेल्या पोराकडे बघतात.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि ढोले पाटील रस्त्यावरच्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत काम करत होते. दोन हजार साल तोंडावर आलं होतं. जगभरच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये साल दोनच आकड्यांत लिहिलेलं, ते चार आकडी करायचं काम आमच्यासारख्या कंपन्यांकडे पोत्यानं येत होतं. बुधवार पेठेत जिन्याखालच्या एका क्लासात शिकलेलं माझं तुटपुंजं कोबॉल एकदम भाव खाऊन गेलं. अण्णांना त्याचा केवढा अभिमान! ज्या खात्यात लोक फोनसाठी वर्षानुवर्षं ताटकळायचे तिथे आता रोज नव्या वायरी ओढून ओढून अण्णांचे तळवे सोलून निघत. संध्याकाळी हाताला खोबरेल लावत ते म्हणायचे, "दुनिया आपल्या दारात आली सुजाता. आता मागे बघायचं नाही." अण्णा मुद्दाम शुद्ध बोलत. आपल्या बोलण्यावरून कुणाला आपलं गाव आणि गावातली आपली जागा ओळखता येऊ नये, हा त्यांचा कटाक्ष. आई मात्र दौंडकडचं जे बोलणं माहेरून घेऊन आली तेच शेवटपर्यंत बोलली.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर स्टेलाताई बसायची. पस्तिशीची, नगरकडची. ख्रिस्ती म्हणजे इंग्रजी फाडणारे कॅम्पातले लोक अशी माझी समजूत होती. पहिल्याच दिवशी डब्यातून बाजरीची भाकरी आणि ठेचा काढून तिनं ती समजूत मोडली. बुधवारी संध्याकाळी ती वाटेतल्या एका जुन्या दगडी चर्चमध्ये मेणबत्ती लावायला थांबे, आणि मी तिला गाडीवरून सोडत असल्यामुळे मलाही थांबावं लागे. पहिले दोन-तीन बुधवार मी बाहेर गाडीवरच बसून राहिले. मग डास फार चावायला लागले म्हणून आत जाऊन शेवटच्या बाकावर बसले. लोक मला विचारतात, तुला हाक कशी आली, आणि मी डासांचं सांगितलं की नाराज होतात. पण खरं तेच आहे.

आत काहीसुद्धा घडलं नाही. चार बायका आणि एक म्हातारे गृहस्थ लांब लांब बसले होते. मला एवढंच वाटलं की इथे कुणीतरी माझं ऐकून घेतंय. आमच्या घरचा धर्म ताठ मानेचा. बाहेरच्या खोलीत दोन तसबिरी, एक बुद्धाची आणि दुसरी कुणाची ते सांगायला नको. त्या दोघांनी आम्हाला माणसात आणलं, शाळेत घातलं, हे मला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं आहे आणि आजही त्यातलं अक्षर मी खाली पडू देत नाही. पण आमच्याकडे कुणाकडे काही मागायचं नसतं. आपलं दुःख आपण समजून घ्यायचं आणि आपणच त्याच्यातून बाहेर पडायचं. मी तेवीस वर्षांची होते आणि मला कुणाकडे तरी मागावंसं वाटत होतं. काय, ते सांगता आलं नसतं. त्या बाकावर बसून मी मागत राहिले आणि बुधवारची वाट पाहायला लागले. मग बुधवार पुरेना म्हणून रविवार सुरू झाला. घरी सांगितलं, कामाचा बोजा आहे, रविवारीपण शिफ्ट लावलीय. अण्णांना मी त्याआधी कधी खोटं सांगितलं नव्हतं.

नव्या माणसाचा उत्साह मोठा वाईट असतो, आणि माझा तर उतू चालला होता. जे जन्मापासून त्यात असतात त्यांना जे दिसतही नाही ते मला हवंच असायचं. संतांचं कॅलेंडर आणलं. प्रत्येक तारखेला एक संत, कुणी दातदुखीचा, कुणी स्वयंपाक्यांचा, कुणी अडलेल्या बाळंतिणींची. आमच्या टीम लीडरला त्याच्या वाढदिवसाचा संत कोण ते सांगितलं तर तो म्हणाला, "मॅडम, तो संत डेडलाइन पुढे ढकलतो का, ते विचारा आधी." हरवलेल्या वस्तू शोधून देणारे एक संत आहेत, त्यांना मी कोबॉलमधला हरवलेला पूर्णविराम शोधायला लावत असे. हजार ओळींच्या प्रोग्रॅममध्ये एक टिंब राहिलं की सगळं बसलं! आणि ते टिंब सापडायचं हो. संतांची छोटी चित्रं मी मॅन्युअलच्या पानांत लपवून ठेवायची. स्टेलाताईकडे जाऊन अ‍ॅल्युमिनियमच्या गोल ओव्हनमध्ये केक करायला शिकले, मंडईतून मनुका आणि चेरी आणून रममध्ये भिजवायला शिकले, आणि तो केक घरी "ऑफिसात कुणाचा तरी वाढदिवस होता" म्हणून आणला. आईनं चवीनं खाल्ला. जेवणाआधी क्रूसाची खूण करायला हात आपोआप कपाळाकडे जायला लागला. घरी ते निम्म्यात लक्षात यायचं, मग कपाळ खाजवून, ओढणी सारखी करून मी तो कसाबसा खाली आणायची. आणि गुडघे टेकायला शिकले. ऐकायला सोपं वाटतं, पण आमच्या घरात कुणी कधी गुडघे टेकलेले मी पाहिलेच नव्हते. पहिल्यांदा टेकले तेव्हा शरीराला ते इतकं परकं वाटलं की तोल जाऊन पुढच्या बाकावर डोकं आपटलं. पुढे पुढे गुडघ्यांवर दोन काळसर वर्तुळं उठली. मी ती रात्री चादरीत हात घालून चाचपायची, आणि मला अभिमान वाटायचा. आता ते गुडघे जिन्याच्या तिसऱ्या पायरीला कुरकुरतात आणि मी बाकावर बसूनच प्रार्थना करते. त्या वयातल्या माझ्यासारखी एखादी मुलगी पुढे गुडघ्यांवर दिसली की हसू येतं, आणि तिची भीतीही वाटते.

शुक्रवारचं मटण सोडणं हा त्याच उत्साहातला भाग. येशू शुक्रवारी क्रूसावर गेला म्हणून त्या दिवशी मांस वर्ज्य, पण मासळी चालते म्हटल्यावर मला ते अगदी सोपं वाटलं. घरात काय गोंधळ होईल याचा विचारच केला नाही. तिसऱ्या शुक्रवारी आईनं मला मोरीशी गाठलं.

"कुणाचे शुक्रवार धरलेत गं?"

"कुणाचे नाही. पोट बरं नाही."

"शुक्रवारीच बरं नसतं व्हय? आपल्यात चालतंय का ह्ये? त्या हापिसातल्या बामणांच्या पोरींनी शिकवलं असंल."

तिला वाटलं होतं, मी संतोषीमातेचे शुक्रवार धरलेत. त्यानंतर आईनं जे केलं ते आठवून मला अजून हसू येतं. त्या व्रताला आंबट चालत नाही, हे शेजारपाजारच्या बायकांमुळे तिला माहीत होतं. पुढच्या शुक्रवारी तिनं माझ्यापुरती चिंच घालून सुकटीची आमटी केली, इतकी आंबट की दात शिवशिवले. मी दोन वाट्या प्यायले. ती भिंतीला टेकून माझ्याकडे बघत बसली. मटण नको, सुकट चालते, आंबट चालतं. हा कुठल्या देवाचा उपास, हे काही केल्या तिला लागेना. तिनं अण्णांना सांगितलं नाही. अण्णांच्या वडिलांनी छप्पन सालानंतर घरातले देव फडक्यात बांधून भीमेत सोडले होते, आणि त्याच घरात पोरगी पुन्हा व्रतंवैकल्यं करायला लागलीय, हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगायचं? तशी ती माझ्यासाठी गप्प राहिली. मी तिच्यासमोर रोज जेवत होते आणि तिला भलत्याच काळजीत ठेवत होते.

वर्षभर मी चर्चमधल्या शिकवणीला जात होते, आणि येत्या ईस्टरला माझा बाप्तिस्मा व्हायचा होता. शिकवणारे फादर सायमन बोलायला अघळपघळ, पण एका गोष्टीत दगड. जानेवारीत त्यांनी मला विचारलं, "घरी सांगितलंस?" मी मान खाली घातली. ते म्हणाले, "राखेच्या बुधवारनंतरच्या रविवारी अर्ज भरायचे असतात. त्याच्या आत वडिलांना सांग. आई-बापाला चोरून मी कुणालाच बाप्तिस्मा देणार नाही. तू देवाकडे निघालीस, तर खिडकीतून कशाला उडी मारतेस? दारातून जा."

मी रोज ठरवत असे की आज सांगायचं. अण्णा हाताला तेल लावत बसलेले असत आणि मी उंबऱ्यात उभी राहून, पाणी हवं का, विचारून आत येई. मला ते मारतील याची भीती नव्हती. त्यांनी मला कधी बोट लावलं नाही. ते माझ्याकडे बघणं सोडतील, याची होती. अण्णांना मी गमावणार, नाहीतर ज्याच्याकडे वर्षभर मागत होते त्याला गमावणार, यातून तिसरी वाट मला दिसत नव्हती. कामात चुका व्हायला लागल्या. असे आठवडे गेले आणि राखेचा बुधवार उजाडला.

त्या दिवसापासून ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो. संध्याकाळी फादर प्रत्येकाच्या कपाळावर राखेनं लहानसा क्रूस काढतात. माणूस मातीतून आला आणि मातीत जायचा, याची आठवण म्हणून. स्टेलाताई म्हणाली, "पुसू नकोस हं, आपोआप जाऊ दे." मी मनात म्हटलं, घराच्या कोपऱ्यावर पुसू. आणि पुण्यातल्या कुठल्याही मुलीसारखा डोक्यापासून गळ्यापर्यंत स्कार्फ गुंडाळून, नुसते डोळे उघडे ठेवून गाडीला किक मारली. वाटेत मगरपट्ट्याशी उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवलेला. अर्धा तास तिथेच गेला. अण्णांना आज नक्की सांगायचं, हेच डोक्यात घोळत होतं. दारात गाडी लावली, आत आले आणि रोजच्या सवयीनं स्कार्फ ओढून काढला.

बाहेरच्या खोलीत विहाराचे सेक्रेटरी गायकवाडकाका बसले होते. अण्णा खुशीत होते. "ये, तुझंच चाललंय," ते म्हणाले. "तुझी रविवारची शिफ्ट बंद झाली की दर रविवारी सकाळी विहारातल्या मुलांना तू कॉम्प्युटर शिकवायचा, असं आम्ही ठरवलं..." आणि ते थांबले. गायकवाडकाकांनी कप बशीत ठेवला. स्कार्फच्या घासण्यानं तो लहानसा क्रूस फिसकटून कपाळभर राखेचा आडवा पट्टा झाला होता. ते मला नंतर आरशात दिसलं. त्या वेळी फक्त त्यांचे चेहरे दिसले.

"हा कुठल्या महाराजांचा अंगारा?" काकांनी विचारलं. आवाजात थट्टा होती, पण ती फार पातळ होती.

आई आतून उंबऱ्यात आली. तिनं माझं कपाळ पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. इतके महिने जे लपवलं ते चव्हाट्यावर आलं, असं तिला वाटलं असणार.

"पुसून ये," अण्णा म्हणाले.

काकांना बिचाऱ्यांना माझी कीव आली. "अहो, गाडीवरची धूळ असेल. हडपसरचा रस्ता काय कमी आहे का?" त्यांनी दार उघडून दिलं होतं. नुसतं "हो" म्हटलं असतं तर त्या दिवसापुरती सुटले असते. मी अण्णांकडे पाहिलं. तेही त्या "हो"ची वाट बघत होते.

"धूळ नाही," मी म्हणाले. "अंगारापण नाही. चर्चमधली राख आहे. मी वर्षभर जातेय तिथे. अण्णा, मला ख्रिस्ती व्हायचंय."

गायकवाडकाका अर्धा चहा टाकून उठले आणि चपला हातात घेऊनच बाहेर पडले. त्यांनी कधी कुठे याची वाच्यता केली नाही, हे इथे लिहून ठेवलं पाहिजे. आम्ही तिघंच उरलो.

"मुलगा कोण आहे?" अण्णांनी विचारलं.

"कुणी नाही."

"खरं सांग. मी ऐकून घेईन."

"खरंच कुणी नाही, अण्णा."

"असता तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "मला समजलं तरी असतं."

"म्हंजी ते शुक्रवार ह्यांचे व्हते?" आई मध्येच म्हणाली, आणि एकदम रडायला लागली. संतोषीमातेवरून भांडायची तिनं तयारी केलेली होती. हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

अण्णा उभे राहिले. माझ्या कपाळाकडे न बघता माझ्या गुडघ्यांकडे बघून बोलले, जणू काही सलवारीच्या आतली वर्तुळं त्यांना दिसत होती. "तिथे गुडघे टेकतात ना?" मी मान हलवली. "आमच्या सगळ्या पिढ्या वाकून मेल्या. माझा बाप पहिला सरळ उभा राहिला. मी दहा वर्षांचा होतो, मला खांद्यावर घेऊन नागपूरला उभा राहिला. आणि तू हौसेनं गुडघे टेकतेस?"

"मला कुणी टेकायला लावत नाही, अण्णा."

"लावलं असतं तर त्याच्याशी भांडलो असतो. तुझ्याशी काय भांडू?"

ते बाहेर गेले. मी मोरीत जाऊन कपाळ धुतलं. राख लगेच गेली, पण मी बराच वेळ पाणी मारत राहिले.

पुढचे तीन दिवस अण्णा माझ्याशी बोलले नाहीत. रागावलेला माणूस निदान भांडी आपटतो. ते तेही करत नव्हते. माझ्या आधी जेवून घ्यायचे आणि मी आले की रेडिओ उघडून बसायचे. शुक्रवारी संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी खोबऱ्याचा वास आला नाही. पाटा भिंतीला उभा होता. आईनं पिठलं केलं होतं आणि तेच तिघांना वाढलं. तिनं ते रागानं केलं की माझ्यासाठी केलं, हे मी तिला कधी विचारलं नाही, आणि आता विचारायला ती नाही.

शनिवारी रात्री जेवताना अण्णा ताटाकडे बघत म्हणाले, "उद्या किती वाजता असतं तुमचं?"

"आठला."

"मी येतो."

रात्रभर मला झोप लागली नाही. ते तिथे सगळ्यांसमोर काय बोलतील? मला हाताला धरून बाहेर काढतील का? सकाळी ते विहारात जाताना घालतात ते पांढरे कपडे घालून तयार होते. खिशाला पेन, केसांना पाणी. माझ्या गाडीवर बसले नाहीत. स्वतःच्या स्कूटरवर माझ्या मागे मागे आले. आत येऊन शेवटच्या बाकाशी उभे राहिले. बसा म्हटलं तर मानेनंच नको म्हणाले. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, सुरू झाली. सगळे उठले, बसले, गायले. मग सगळे गुडघ्यांवर आले. सगळं चर्च खाली वाकलं आणि मागे एकटे अण्णा पांढऱ्या कपड्यांत ताठ उभे. वळून न बघताही ते मला पाठीवर जाणवत होते. माझे गुडघे फळीवर टेकलेले होते आणि कधी नव्हे ते दुखत होते. त्या दिवशी मी एकच मागितलं, की त्यांनी मला बघू नये. आणि ते बघत होतेच.

मिस्सेनंतर अर्ज भरायला आम्ही चर्चच्या ऑफिसात गेलो. मी ओळख करून दिली, "फादर, हे माझे वडील." फादर सायमननी खुर्ची पुढे केली. अण्णा बसले नाहीत.

"मला एकच विचारायचंय," ते म्हणाले. "तुमच्यात मागच्या बाकावर कोण बसतं? आणि मेल्यावर कोणाला कुठे पुरतात?"

मी डोळे मिटले. फादरनी समोरचं रजिस्टर मिटून बाजूला सरकवलं. मग म्हणाले, "दक्षिणेत काही ठिकाणी वेगळ्या दफनभूमी आहेत. आजही. मला त्याची लाज वाटते. इथे तसं नाही. इथे जो उशिरा येतो तो मागे बसतो. पण लग्न जुळवताना लोक हळूच विचारतात, मूळचे कोण. मी नाही म्हणणार नाही." ते टेबलावरून पुढे झुकले. "आमचं घर नेवाशाकडचं. माझ्या आजोबांकडे गावची येसकरकी होती. वेशीवर रात्रभर राखण करायची आणि सकाळी भाकरी मागायची. तुमच्याकडेही असेल."

अण्णांनी फादरकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. आमच्या घरात तो शब्द कुणी उच्चारत नसे. "माझ्या आजोबांकडे होती," ते म्हणाले, आणि खुर्चीवर बसले.

कोपऱ्यातल्या टेबलावर चर्चचे वयस्कर कारकून माझा अर्ज भरत होते. नाव, पत्ता, जन्मतारीख विचारत गेले. "पूर्वीचा धर्म," असं स्वतःशीच पुटपुटून, मला न विचारताच त्यांनी "हिंदू" लिहिलं. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. वर्षानुवर्षांची सवय, हात चालला. माझ्या ते लक्षातही आलं नसतं. पण अण्णा उठून त्यांच्या खांद्याशी जाऊन उभे राहिले होते. माझ्या पहिलीच्या प्रवेशापासून रेशनकार्डापर्यंत, खानेसुमारीला आलेल्या मास्तरांपासून दवाखान्यातल्या नर्सपर्यंत, ते असेच लिहिणाऱ्याच्या खांद्याशी उभे राहत आले होते. लहानपणी मला त्याची इतकी शरम वाटायची की मी दुसरीकडे तोंड करून उभी राहायची.

"खोडा ते," अण्णा म्हणाले. "बौद्ध लिहा."

कारकुनांनी चष्म्यावरून पाहिलं. "अहो, आता काय फरक पडतो? ती तर ख्रिस्तीच होणार."

"फरक पडतो. ती कुठून आली ते बरोबर लिहा. कुठे चालली ते तिचं ती बघेल."

फादर म्हणाले, "नवीन अर्ज घ्या." कारकुनांनी कुरकुरत नवा कागद काढला आणि सगळं पहिल्यापासून लिहिलं. अण्णांनी तो कागद उचलला. वरच्या ओळीपासून खालपर्यंत, प्रत्येक रकान्याखालून बोट फिरवत, ओठ हलवत वाचला. धर्माच्या रकान्याशी बोट थांबलं आणि पुढे गेलं. माझा जीव त्या बोटात होता. ते कागद फाडतील, असं मला अजून वाटत होतं. त्यांनी तो माझ्यासमोर ठेवला, खिशातलं स्वतःचं पेन काढून टोपण उघडलं आणि माझ्या हातात दिलं.

"आता कर सही," ते म्हणाले, आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

बाप्तिस्म्याला ते येणार नाहीत हे मला त्यांच्या पाठीकडे बघून तेव्हाच कळलं, आणि ते आलेही नाहीत. त्यांना जाऊन आता आठ वर्षं झाली. एवढं मात्र खरं की त्या सकाळनंतर ते माझ्याकडे बघायचे कधी थांबले नाहीत.

कारकून म्हणाले, "छोटी सही चालेल." मी पूर्ण नाव लिहिलं. सुजाता, मग अण्णांचं नाव, मग आमचं आडनाव.